यादी गेली म्हणजे ग्रंथ गेले काय?

मनुष्याच्या हातून वस्तू दोन प्रकारे जात असतात. काही खरोखरच नष्ट होतात, आणि काही केवळ दृष्टीआड होतात. पहिल्या प्रकारात शोक करणे एवढेच हाती उरते. परंतु दुसऱ्या प्रकारातही जो शोकच करीत बसतो, किंवा घाबरून भलतेच काही करून बसतो, तो दृष्टीआड झालेली वस्तू आपल्याच हाताने नष्ट करतो. संगणकाच्या बाबतीत हा दुसरा प्रकार आज फार घडू लागला आहे, आणि त्याविषयी चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

विंडोज १० या प्रणालीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणारी नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे ठाणे, कल्याण व डोंबिवली या आपल्या नगरांत ज्या घरी जुना संगणक आहे, तेथे तो नव्या प्रणालीवर नेण्याचा विचार आता होत असतो. असे करताना बहुतेक लोक आपले फोटो व कागदपत्रे आधी एका बाहेरून जोडावयाच्या हार्डडिस्कवर ठेवतात. हे योग्यच होय. परंतु कधी कधी असे घडते की, प्रणाली नवी होते, संगणक सुरळीत चालू लागतो, आणि ती हार्डडिस्क मात्र रिकामी दिसते, अथवा मुळीच दिसत नाही. पडद्यावर सूचना येते की, ही डिस्क वापरावयाची असल्यास प्रथम ती फॉरमॅट केली पाहिजे. आता अशा प्रसंगी नेमके काय गेले आणि काय शिल्लक आहे?

हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, व ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली. अशा एखाद्या जुन्या ग्रंथालयाची कल्पना करा. हजारो ग्रंथ कपाटांत ओळीने लावलेले आहेत, आणि कोणता ग्रंथ कोणत्या कपाटाच्या कोणत्या फळीवर आहे, याची एक यादी दाराजवळच्या मेजावर ठेवलेली आहे. समजा, एके रात्री ती यादी गहाळ झाली. दुसऱ्या दिवशी नवा कारकून मेजावर येऊन बसला. यादीच्या जागी कोरी वही पाहून तो येणाऱ्या प्रत्येकास सांगू लागला की, या ग्रंथालयात एकही पुस्तक नाही. त्याचे म्हणणे वहीपुरते खरे आहे, पण कपाटांपुरते सर्वस्वी खोटे आहे. ग्रंथ जेथल्या तेथे आहेत. मात्र याच कारकुनाने कपाटे मोकळी आहेत असे समजून तेथील ग्रंथ काढून टाकून त्या जागी नवे ग्रंथ लावण्यास आरंभ केला, तर मग खरा नाश सुरू होतो. आणि जितके नवे ग्रंथ आत येतील, तितके जुने कायमचे बाहेर जातील.

हार्डडिस्कचा प्रकार नेमका असाच आहे. तिच्या पेटीत लोहचुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटास हजारो फेरे घेत असतात, आणि आपला प्रत्येक फोटो, प्रत्येक पत्र, प्रत्येक हिशोब त्या चकत्यांवर सूक्ष्म चुंबकीय खुणांच्या रूपाने उमटलेला असतो. १९५६ साली अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने अशी पहिली यंत्रे बाजारात आणली, तेव्हा त्यांत ५० चकत्या असत व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशात मावणाऱ्या एक टेराबाईटच्या डिस्कमध्ये एक लाख कोटी बाईट मावतात. इतक्या विस्तीर्ण जागेत एखादी वस्तू शोधावयाची तर यादीवाचून गत्यंतर नाही. म्हणून डिस्कच्या आरंभीच तिचे विभाग किती व कोठून कोठपर्यंत आहेत हे लिहिलेले असते, आणि प्रत्येक विभागात त्यातील फाईलींची यादी निराळी ठेवलेली असते.

विभागांची ही नोंद किती लहान असते, हे ऐकून आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये पहिल्या ५१२ बाईटांपैकी अवघ्या ६४ बाईटांत चार विभागांची नोंद केलेली असते. या ६४ बाईटांवर चुकून दुसरे काही लिहिले गेले, तर लाख कोटी बाईटांचा संग्रह जागच्या जागी असूनही संगणक म्हणतो, 'येथे काही नाही.' फाईल पुसण्याचेही असेच आहे. आपण एखादी फाईल पुसतो तेव्हा संगणक चकतीवरील खुणा बहुधा खरवडून काढीत नाही. यादीत त्या नावापुढे 'ही जागा मोकळी' एवढीच नोंद करतो. झटपट फॉरमॅट करणे म्हणजे कोरी यादी मांडून ठेवणे होय. परंतु संपूर्ण फॉरमॅट निराळे. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण फॉरमॅट करताना विंडोज सगळ्या जागेवर शून्ये लिहीत जाते. तेथे मग आशा उरत नाही. कारण चकतीवर एकदा दुसरे काही लिहिले गेले की, त्याखालचे जुने परत मिळविण्याचा व्यवहारात उपाय नाही.

आता प्रणाली नवी केल्याने ही यादी बिघडते कशी, ते पाहू. याचे प्रसिद्ध उदाहरण २०१३ सालचे आहे. त्या वर्षी २२ ऑक्टोबरास ॲपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी मॅव्हरिक्स नावाची नवी प्रणाली प्रसिद्ध केली. थोड्याच दिवसांत लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या की, प्रणाली नवी करताच बाहेरून जोडलेल्या हार्डडिस्कवरील सर्व संग्रह नाहीसा झाला. वेस्टर्न डिजिटल या हार्डडिस्क बनविणाऱ्या कंपनीने तेव्हा आपल्या ग्राहकांस इशारा दिला, आणि डिस्कबरोबर दिलेली आपलीच काही सॉफ्टवेअरे संगणकावरून काढून टाकावीत असे कळविले. जुन्या प्रणालीसाठी केलेला कार्यक्रम नव्या प्रणालीशी जुळला नाही, म्हणजे तो काय करील याचा नेम नसतो. तेथे पुष्कळांच्या डिस्कची विभागनोंदच नव्याने लिहिली गेली होती. ज्यांनी त्यानंतर डिस्कवर काही लिहिले नाही, अशा काहींना आपला संग्रह परत मिळविता आला.

दुसरे उदाहरण विंडोजचेच आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची एक सुधारणा निघाली, आणि तिने काही लोकांच्या फाईली पुसून टाकल्या असे आढळल्यामुळे चारच दिवसांत तिचे वाटप थांबवावे लागले. या लोकांनी आपल्या कागदपत्रांचा फोल्डर दुसऱ्या जागी हलविला होता. परंतु जुन्या जागीही काही फाईली राहिल्या होत्या. सुधारणेने तो जुना फोल्डर निरुपयोगी समजून काढून टाकला. चुका दुरुस्त करून ती सुधारणा पुढे १३ नोव्हेंबरास पुन्हा देण्यात आली. त्या वेळी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ज्यांच्या फाईली गेल्या त्यांस काय सांगितले, ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे: तो संगणक शक्य तितका कमी वापरा. कपाटांत नवे ग्रंथ लावू नका, असाच याचा अर्थ.

ही मोठ्या कंपन्यांची उदाहरणे झाली. आपल्याकडे याखेरीज आणखी एक साधे कारण संभवते. सुधारणा चालू असताना वीज जाते, किंवा कोणाचा तरी पाय लागून तार निघते, आणि यादी लिहिता लिहिता अर्धवट राहते.

म्हणून अशा प्रसंगी पहिला उपाय म्हणजे हात आवरणे. समजा, डोंबिवलीतील एका घरी हार्डडिस्कवर दिवंगत आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या साठविलेल्या आहेत, आजोबांनी जपलेल्या मोडी दस्तांचे फोटो आहेत, आणि मुलांच्या बारशापासूनची सर्व चित्रे आहेत. पडद्यावर फॉरमॅटची सूचना आली. घरातील कर्त्या माणसाने ती मान्य केली, डिस्क 'पुन्हा चालू झाली' म्हणून समाधान मानले, आणि तिच्यावर एक चित्रपट उतरवून घेतला. कोरी यादी मांडली तेथपर्यंत सर्व काही वाचविता येत होते. पण त्या चित्रपटाने जेवढी जागा व्यापली, तेवढ्या जागेवरच्या ओव्या कायमच्या मुक्या झाल्या. त्याऐवजी त्या माणसाने सूचना नाकारून डिस्क शांतपणे काढून ठेविली असती, तर एकही ओवी गेली नसती. यंत्र विचारते म्हणून 'होय' म्हटलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

हात आवरल्यावर पुढे क्रमाने काय करावे, तेही सांगतो. प्रथम साध्या गोष्टी तपासाव्या. तार बदलून पाहावी, संगणकाच्या दुसऱ्या खाचेत जोडून पाहावे, आणि शक्य असल्यास जुनी प्रणाली असलेल्या दुसऱ्या संगणकावर पाहावे. तेथे संग्रह दिसला तर इतर काही न करता प्रथम त्याची दुसरीकडे नक्कल करून घ्यावी. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाचा भाग आहे. त्यात डिस्क दिसते पण तिला अक्षर मिळालेले नाही, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी तिला एक अक्षर नेमून दिले की काम भागते. कधी फोल्डर दिसतो, पण उघडण्यास परवानगी नाही असे उत्तर येते. तेथेही घाबरू नये. नव्या प्रणालीला फोल्डरचा जुना मालक ओळखता येत नाही एवढेच. मालकी नव्याने घेतली म्हणजे दार उघडते. आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप घातलेले असेल, तर परवलीचा शब्द किंवा ४८ अंकी किल्ली हवी. या दोहोंपैकी काहीच हाती नसेल, तर कोणाचेही कौशल्य तेथे चालत नाही.

परंतु डिस्कचा आकार बरोबर दिसत असून तिच्यापुढे 'रॉ' किंवा 'अनॲलोकेटेड' असे लिहिलेले आढळले, तर यादीच बिघडली आहे असे समजावे. येथे 'इनिशिअलाइज' करण्याची सूचना आली तरी ती नाकारावी. आपण होऊन दुरुस्ती करणारा 'चेकडिस्क' हा कार्यक्रमही लगेच चालवू नये, कारण तो दुरुस्तीच्या निमित्ताने त्याच डिस्कवर लिहितो. याऐवजी दुसरी, तेवढीच किंवा अधिक मोठी डिस्क घेऊन तिच्यावर पहिलीची अक्षरशः नक्कल उतरवावी, आणि पुढील सर्व प्रयोग त्या नकलेवर करावे. जाणता वैद्य रोग्यावर प्रयोग करीत नाही, तसेच हे.

यानंतर शोधाची दोन साधने आहेत. टेस्टडिस्क नावाचे सॉफ्टवेअर हरवलेल्या विभागांच्या खुणा शोधून विभागनोंद पुन्हा जुळविते. तिचे भावंड फोटोरेक हे यादीकडे पाहतच नाही. ते एकेक कपाट उघडून ग्रंथाच्या पहिल्या पानावरून ग्रंथ ओळखते. प्रत्येक प्रकारच्या फाईलीच्या आरंभी ठराविक खूण असते, तिच्यावरून हा फोटो, हा पी. डी. एफ. असे ते ठरविते. ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. मायक्रोसॉफ्टनेही २०२० साली विंडोज फाईल रिकव्हरी नावाचे साधन दिले. मात्र खुणेवरून शोधलेल्या फाईलींची मूळ नावे बहुधा मिळत नाहीत, आणि हजारो फोटो नावांवाचून हाती येतात. ते लावण्यास कित्येक रविवार जातील, परंतु ते रविवार वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. शोधलेले सर्व काही दुसऱ्या डिस्कवरच ठेवावे, हे पुन्हा बजावून सांगतो.

दोन ठिकाणी मात्र घरगुती उपाय करू नयेत. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल, किंवा ती खाली पडली असेल, तर ती तत्काळ बंद करावी. प्रत्येक वेळी चालू केल्याने चकतीवर ओरखडे पडण्याचा संभव वाढतो. असे काम धूळरहित खोली असलेल्या तज्ज्ञांकडेच द्यावे. ती पेटी घरी उघडणे म्हणजे तिचा अंत करणे होय. देण्यापूर्वी खर्च किती, काही न मिळाल्यास आकार किती, आणि काम नकलेवर होईल काय, हे विचारून पावती घ्यावी. दुसरे ठिकाण एस. एस. डी. या नव्या जातीच्या डिस्कचे. तीत फिरणाऱ्या चकत्या नसतात, आणि पुसलेली जागा ती स्वतःच आतून साफ करून ठेविते. म्हणून तिच्यावरून पुसलेले परत मिळण्याची आशा फार थोडी असते.

आता आपल्या मराठी लोकांवरच विशेषेकरून येणारा एक प्रकार सांगितला पाहिजे. येथे फाईल सापडते, उघडतेही. पण आत मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा व विचित्र चिन्हांचा गोंधळ दिसतो. शाळेचे जुने अहवाल, छापखान्यातील पुस्तके, मंडळांच्या घटना व इतिवृत्ते यांच्याबाबत हे वारंवार घडते. याचे कारण असे. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले, आणि विंडोज २००० मध्ये मंगल हा देवनागरी फॉन्ट आला. तरीही त्यानंतर पुष्कळ वर्षे आपले लेखन पुण्याच्या सी-डॅकचे आय. एस. एम., पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, अशा सॉफ्टवेअरांतून चालू होते. त्यांच्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. नव्या प्रणालीवर तो फॉन्ट नसला, की चित्रे जातात व मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात. मजकूर तेथे जसाचा तसा आहे. जुना फॉन्ट घातला की तो वाचता येतो, आणि रूपांतर करणाऱ्या साधनाने त्यास युनिकोडमध्ये आणता येते. म्हणून असा गोंधळ दिसताच 'फाईल बिघडली' म्हणून ती पुसून टाकणे हा मोठा प्रमाद होय. मोडी वाचता येत नाही म्हणून कोणी दप्तर रद्दीत घालीत नाही.

येथवर हरवलेले शोधण्याचा विचार झाला. परंतु शोधण्याची वेळच येऊ नये हे उत्तम. हार्डडिस्कची रचना करणाऱ्यांनी स्वतः काय केले आहे, ते पाहा. जुन्या फॅट पद्धतीत जागांच्या यादीच्या दोन प्रती ठेवण्याची वहिवाट होती. एन. टी. एफ. एस. पद्धतीत आरंभीच्या मुख्य नोंदीची दुसरी प्रत विभागाच्या अगदी शेवटी असते. जी. पी. टी. या नव्या पद्धतीत विभागनोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटास असते, म्हणजे आरंभी घाव बसला तरी शेवट वाचावा. ज्यांनी हे यंत्र घडविले, त्यांनीच एका प्रतीवर विश्वास ठेविला नाही. मग आपण का ठेवावा?

परंतु दोन प्रती म्हणजे एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डिस्का नव्हेत. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण व बदलापूरकडील वस्त्यांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात किती प्रती आहेत हे त्या पाण्याने पाहिले नाही. एक प्रत घरी असावी, आणि दुसरी नाशिकला मामांकडे, पुण्यास आत्याकडे किंवा गावी काकांकडे असावी. ज्यांस परवडते त्यांनी इंटरनेटवरील साठ्यातही एक ठेवावी. जी फाईल केवळ बाहेरच्या डिस्कवर हलविली आणि संगणकावरून पुसली, तिची प्रत एकच आहे, दोन नव्हेत. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. आणि वर्षातून एकदा ती दुसरी प्रत उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते.

प्रणाली नवी करण्याच्या दिवशी पाळावयाचे नियम थोडेच आहेत. दोन प्रती आहेत याची खात्री करावी. बाहेरची डिस्क योग्य रीतीने बाहेर काढून, तारेसह वेगळी करून, दुसऱ्या खोलीत ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही तिची यादी कोणतीही सुधारणा बिघडवू शकत नाही. डिस्कबरोबर आलेले सॉफ्टवेअर जुने असेल तर ते आधी काढावे किंवा नवे घ्यावे. जुने मराठी फॉन्ट जपून ठेवावे. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहावी. लॅपटॉपला वीजजोडणी द्यावी, आणि मेजावरच्या संगणकास यू. पी. एस. असावा. काम झाल्यावर दोन दिवस संगणक नीट चालतो असे पाहून मग डिस्क जोडावी.

विद्यार्थ्यांनो, घरातील संगणकाचे ज्ञान आज वडिलांपेक्षा तुम्हांस अधिक असते, आणि फॉरमॅटची सूचना आली म्हणजे आई तुम्हांसच हाक मारते. त्या क्षणी चटकन बटण दाबणारा हुशार ठरत नाही. थांबून विचार करणारा ठरतो. येत्या सुट्टीत घरातल्या मोठ्या माणसांस एवढेच विचारा की, आपल्या फोटोंची व आजी-आजोबांच्या आवाजाची दुसरी प्रत कोठे आहे? त्यांनी उत्तर दिले, तर ती उघडून पाहा. उत्तर आले नाही, तर त्याच दिवशी ती तयार करावयास बसा.